पारख्याची जीभ

॥ श्री ॥

बुधवार, दि. १६ जानेवारी १९७४

काटोलचे शेठजी दरवर्षी नवीन रोजनिशी पाठवितात. गेली एकतीस वर्षे मी तीत फक्त हवामान व संत्र्याचा भाव लिहीत आलो. स्वतःविषयी लिहिण्याची मला सवय नाही. सन १९१५ साली मी चौथीची परीक्षा काटोल केंद्रात दुसऱ्या क्रमांकाने उत्तीर्ण झालो तेव्हा गुरुजींनी सांगितले होते की लिहावे तर शुद्ध लिहावे, नाही तर लिहू नये. तो नियम मी मोडणार नाही. परंतु यंदा एक गोष्ट अशी घडली आहे की ती कोणाजवळ बोलता येत नाही, म्हणून येथे लिहितो.

माझी चव गेली आहे.

डिसेंबरात विषमज्वर झाला. एकोणीस दिवस रामदासपेठेतील इस्पितळात होतो. ताप उतरला, मी गणेशपेठेतील घरी परतलो, आणि मृग बहाराचे, म्हणजे थंडीच्या हंगामाचे, पहिले संत्रे सोलले. फोड जिभेवर ठेवली. काही नाही. ओला कापूस चावावा तसे वाटले. साल नखाने दाबून नाकाशी धरली. तेथेही काही नाही.

अडतीस वर्षे मी काटोलच्या बाजारात पारखी होतो. ढीग कोणाच्याही बागेचा असो, माझ्या जिभेवर फोड गेल्याशिवाय व्यापारी बोली बोलत नसत. निवृत्त झालो तरी लोक मला त्याच नावाने ओळखतात. जीभ गेलेल्या पारख्यास कोणी काय म्हणून घरात ठेवावे? दोरी तुटलेला तराजू निदान भंगारात तरी जातो.

हे कोणास कळता कामा नये.

शनिवार, दि. १९ जानेवारी

माझा मुलगा चि. चंद्रभान खापरखेड्याच्या वीज केंद्रात पाळीवर असतो. त्याला तेथे क्वार्टर आहे. सून सौ. प्रेमिला माझ्या आजारापासून येथेच राहिली आहे. ती सातवी शिकलेली आहे व कामास चपळ आहे. बोलते मात्र सर्वस्वी गावची भाषा. मी तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण बदलले तर ते तिचे राहणार नाहीत.

आज ती रामदासपेठेतील महिला मंडळात जाऊन आली. तेथे संत्र्याचा जॅम करण्याचा वर्ग घेतात. एक छापील कागद तिने माझ्यापुढे ठेवला.

"मामाजी, तुम्ही वाचा अन् मी करतो. आपन दोघं मिळून शिकू जी."

मी म्हणालो, "संत्र्याविषयी मला शिकविणारा कागद अजून छापला गेलेला नाही."

ती हसली. "म्हनूनच तं तुमाले म्हनून राहिली. चाखाचं काम तुमचं. मले तं जमत नाही."

मी कारण विचारले.

"मी संत्रं सोडलं ना जी. जन्मभरासाठी."

"कशासाठी?"

"नवस होता. कोराडीच्या देवीले बोलली होती. आवडते तेच सोडा लागते ना."

"कोणासाठी?"

"होता एकासाठी. झाला पुरा." एवढे बोलून ती चुलीकडे वळली.

तिच्या माहेरी कोणी आजारी असावे. मी इस्पितळात असताना ती एकदा कोराडीस गेल्याचे चंद्रभान म्हणाला होता. मी विचारपूस केली नाही, ही माझी चूक. माहेरी सर्व क्षेम आहे ना, असे मी विचारले तेव्हा ती "हो जी" म्हणाली आणि पुन्हा हसली.

मला मात्र हसू आले नाही. तिने जिभेवर ठेवायचे नाही, आणि माझ्या जिभेस कळायचे नाही. मी तेव्हाच सांगावयास हवे होते.

मंगळवार, दि. २२ जानेवारी

आज थोडक्यात वाचलो.

दुपारी वरणभात जेवलो. नेहमीप्रमाणे पान स्वच्छ केले. नंतर सूनबाई जेवावयास बसली आणि पहिल्याच घासाला उठून बाहेर आली.

"अवो मामाजी! वरनात मीठच नाही. सांगतलं काहून नाही जी?"

मी स्थिर स्वरात म्हणालो, "अन्नास नावे ठेवणे ही आपल्या घरची रीत नव्हे."

तिने डोळ्यांस पदर लावला. शेगडीचा धूर आज फार होता.

ती माझ्या पानावर लक्ष ठेवते. दिवसातून तीनदा विचारते, "भूक हाय ना जी? घास जाते ना?" तिला संशय आला असावा. यापुढे जेवताना मधेच "वा" म्हणत जाईन.

रविवार, दि. २७ जानेवारी

पहिला प्रयोग. सहा संत्री, स्टीलचे लहान पातेले.

कागद मी वाचला. फोडींची पांढरी त्वचा काढून टाकावी. बिया फडक्यात बांधून रसातच उकळाव्यात, त्यामुळे दाटपणा येतो. साल फक्त वरची, बारीक चिरून. साखर रसाच्या पाऊणपट. तयार झाला की नाही हे पाहण्यासाठी थंड बशीवर थेंब टाकावा व बशी तिरपी करावी. थेंब ओघळला नाही तर उतरवावे.

हे शेवटचे वाचून मला फार हायसे वाटले. बशीस जीभ लागत नाही.

परंतु थेंब बशीवर थांबताच तिने चमचा माझ्यापुढे केला. त्या चमच्याकडे पाहताना मला जे वाटले त्यास भय हाच शब्द आहे. मी चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले, बाजारात घेत असे तेवढाच वेळ घेतला आणि मान हलविली.

"उत्तम झाला आहे."

तिने आनंदाने टाळी वाजविली.

संध्याकाळी भैयाजी आला. हा माझा बाजारातला सोबती, पूर्वी हमालांचा मुकादम, आता शेजारच्या गल्लीत राहतो. त्याने वाटी चाटूनपुसून साफ केली. "सूनबाई, जाम झकास झाला वं! ह्या खडूस म्हाताऱ्याच्या घरात गोड काही बनते, हेच मोठं!"

म्हणजे तो खरोखरच चांगला झाला होता. मी नुसता भाग्याने खरा ठरलो. शाबासकी मिळालेल्या चोरास काय वाटत असेल ते आज समजले.

शनिवार, दि. २ फेब्रुवारी

मंडळाच्या प्रमुख इंदुताई स्वतः घरी आल्या. मंडळाची एक बालवाडी आहे. तेथील मुलांना दुपारच्या खाऊत पोळीबरोबर जॅम द्यावयाचा आहे. तीस बरण्या हव्यात. साखर परमिटची, मंडळ देईल. माल पसंत पडला तर दर महिन्यास काम, आणि पुढे मंडळाच्या स्वयंपाकघरात सूनबाईस कायमची जागा.

सूनबाईने आजवर स्वतःसाठी काही मागितलेले मी ऐकलेले नाही. आज तिचा चेहरा पाहून मला कळले की तिला हे फार हवे आहे.

इंदुताईंनी विचारले, "पण एवढी लहान मुलं खाणार. चव कोण बघतं?"

सूनबाई ताठ उभी राहून म्हणाली, "आमचे मामाजी. काटोलच्या बाजारात त्याईच्या जिभेवर लिलाव होत होता जी!"

इंदुताईंनी मला हात जोडले.

त्या क्षणी सत्य सांगणे शक्य होते. दार उघडे होते, तिघेच होतो. मी सुद्धा हात जोडले.

मागाहून सूनबाई म्हणाली, "एखाद्या वेळी शेजारच्या जिजाबाईले बी चाखाले देऊ का?" मी तिला फटकारले. माझ्या घरात बाहेरच्याची जीभ कशाला, असे म्हणालो.

मंगळवार, दि. ५ फेब्रुवारी

आज तीस बरण्यांचा जॅम केला. फार थकलो आहे, तरी क्रमाने लिहितो.

घरात एवढे मोठे स्टीलचे भांडे नाही. मी माळ्यावरून पितळी गंज, म्हणजे आमचे जुने मोठे पातेले, काढविला. सूनबाईने कागदावर बोट ठेवले.

"इथं तं पितळेचं नको म्हनते जी. एनामलचं नाही तं स्टीलचं."

मी म्हणालो, "दिवाळीत मी उभा राहून कल्हई करून घेतली आहे. आत पाहा, आरशासारखी आहे. कागद छापणाऱ्यास आपला गंज माहीत नाही."

यात काही खोटे नव्हते. कल्हई खरोखरच चांगली होती.

दुपारी दोनपासून शेगडीवर होते. साखर घातल्यावर रस जड झाला. लाकडी पळी अपुरी पडू लागली. सूनबाई साली चिरीत होती, ती एकदम म्हणाली, "मामाजी, करपल्यावानी वास येऊन राहिला!"

मला काहीच आला नव्हता. मी घाबरलो. हाताशी पोळ्या उलटविण्याचा लोखंडी सराटा होता, तो घेतला आणि बुड खरवडू लागलो. खरखर आवाज येत होता. मी बराच वेळ, जोराने खरवडले. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "आता वास नाही जी. वाचलं!" मी कपाळाचा घाम पुसला.

जॅम होईपर्यंत सूर्य मावळला. बरण्या धुऊन उन्हात ठेवावयाच्या राहिल्या होत्या. ओल्या बरणीत भरला तर बुरशी येते. सबब मी निर्णय दिला की आज गंजातच राहू द्यावा, रात्रभर मुरेल, उद्या भरू.

"तुम्ही म्हनता तं तसंच," सूनबाई म्हणाली.

बुधवार, दि. ६ फेब्रुवारी

बरण्या भरल्या. रंग थोडा काळपट वाटला. सूनबाईने गंजावर वाकून दोनदा श्वास घेतला.

"मामाजी, वास थोडा वेगळा वाटते का जी?"

"वेगळा म्हणजे कसा?"

"कसा सांगू... हातात चिल्लर धरली का मंग हाताले येते तसा."

मी चमचाभर तोंडात घेतला, डोळे मिटले. म्हणालो, "सालीतील तेलाचा वास आहे. मृगाच्या सालीत तो असतोच. माल उत्तम आहे."

तिने लगेच मान डोलावली. इतका विश्वास कोणी कोणावर ठेवू नये.

बरण्यांच्या तोंडांवर मेण ओतले, कापडाचे दादरे बांधले, देवापुढे हळदकुंकू लावले. दुपारी सायकल रिक्षात घालून ती स्वतः पोचवून आली. शनिवारी सकाळी अकरा वाजता बालवाडीत खाऊस सुरुवात होणार. इंदुताईंनी तिला बोलाविले आहे.

वाटीभर जॅम घरासाठी उरला आहे.

गुरुवार, दि. ७ फेब्रुवारी

काय लिहू?

सूनबाई बाजारात गेली असता गंज घासावा म्हणून अंगणात काढला. काल तो पाणी घालून तसाच ठेवला होता. पाणी ओतले आणि उन्हात बूड दिसले. कल्हईवर सराट्याचे ओरखडे, एक नव्हे, शंभर, आणि मधोमध तळहाताएवढे पितळ पिवळेजर्द उघडे पडलेले. काठाशी जेथे जॅम वाळला होता तेथे हिरवा थर.

ताक पितळेत ठेवले तर कळकते, हे शेंबड्या पोरासही ठाऊक असते. आंबट पदार्थ आणि उघडे पितळ, रात्रभर! चिल्लर धरल्यासारखा वास! ती सांगत होती. मी तिला गप्प केले.

नंतर मी जे केले ते लिहिण्यास लाज वाटते, परंतु लिहितो. मी चिंच व राख घेतली आणि गंज घासला. हिरवे गेले, ओरखडेही दिसेनासे झाले, कारण उरलेली कल्हईसुद्धा मी घासून काढली. सूनबाई आली तेव्हा गंज आतून सोन्यासारखा चमकत होता.

"अगाई! तुम्ही काहून घासला जी? मी घासली असती ना!"

"अंगास व्यायाम हवा," मी म्हणालो.

कदाचित जॅम कळकला नसेल. साखर भरपूर होती. कदाचित.

शुक्रवार, दि. ८ फेब्रुवारी

सकाळी वाटी उपरण्याखाली लपवून भैयाजीकडे गेलो. तो ओट्यावर ऊन खात बसला होता. मी म्हणालो, "जरा चाखून पाहा."

त्याने बोट बुडवून तोंडात घातले, आणि लगेच ओट्यावरून खाली थुंकला.

"अबे हे काय! पुरं कळकलं ना बे! जहर देतं का मले? इतके वर्सं सोबत राहून आता मारतं का?"

मी वाटी त्याच्या हातून परत घेतली.

"तू चाखलं नाही का गा?"

"चाखले."

"मंग?" तो माझ्याकडे टक लावून पाहू लागला. मग आवाज बराच खाली आणून म्हणाला, "मारोत्या, तुह्या जिभेले काय झालं गा?"

बाजारात मला मारोत्या म्हणणारा तो एकटाच उरला आहे. मी वाटी तेथेच टाकून उठलो.

रामदासपेठ फार दूर नाही. मी तसाच निघालो. बसस्थानकाच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. तेथे संत्र्याच्या हातगाड्या उभ्या असतात. एका गाडीवाल्याने ओळखले आणि फोड पुढे केली. "पारखी बाबा, सांगा न जी, हे मृग कोनत्या बागेचं?" चार गिऱ्हाईके थांबून माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मी फोड खाल्ली व म्हणालो, "चांगले आहे." तो म्हणाला, "बाग सांगा न!" मी काठी टेकीत परत फिरलो. सरळ घरी आलो.

बालवाडीत तीस-पस्तीस मुले आहेत, तीन ते पाच वर्षांची. सूनबाई सांगत होती. मी दिवसभर खाटेवर बसून स्वतःस समजावीत होतो: मुले चमचाभरच खातील. चव वाईट लागली तर थुंकतील. मुलांना आपोआप कळते. भैयाजीस नाही का कळले?

पण माझ्यासारखे एखादे असेल, नुकतेच तापातून उठलेले? मोठ्यांचे ऐकून ताट स्वच्छ करणारे? अन्नास नावे न ठेवणारे?

संध्याकाळी सूनबाईने विचारले, "मामाजी, काही झालं का जी? तुमचा चेहरा उतरला." मी तिच्यावर ओरडलो. ती उद्या नेसावयाच्या लुगड्यास इस्तरी करीत होती. तांब्यात निखारे घालून, फार जपून.

उद्या अकरा वाजता.

शनिवार, दि. ९ फेब्रुवारी

दुपारचे तीन वाजले आहेत. अक्षर चांगले येत नाही, त्याबद्दल क्षमा असावी.

सूनबाई साडेनऊलाच मदतीस म्हणून गेली. मी देवापुढे बसलो. जप मोजता येईना. घड्याळात साडेदहा झाले तेव्हा मी उठलो. टोपी घालावयाची राहिली, हे रिक्षात बसल्यावर लक्षात आले. बोडक्या डोक्याने मी आयुष्यात घराबाहेर पडलेलो नाही. रिक्षावाल्यास म्हणालो, "त्वरा करा." तो चढावर उतरून रिक्षा ओढू लागला. मीही उतरलो आणि मागून ढकलू लागलो. तो म्हणाला, "बाबा, रहू दो, गिर जाओगे." मी ढकलीत राहिलो.

बालवाडी एका बंगल्याच्या गच्चीखाली भरते. मुले सतरंजीवर ओळीने बसली होती. प्रत्येकापुढे ताटली, ताटलीत पोळीची गुंडाळी. डोळे मिटून, हात जोडून सगळी काही म्हणत होती. इंदुताई उभ्या होत्या. सूनबाई इस्तरीच्या लुगड्यात टोकाशी उभी होती, हात जोडून, डोळे मिटून.

प्रार्थना संपली. मुलांनी हात खाली घेतले.

मी ओरडलो. "खाऊ नका गा! कोनी खाऊ नका! थुका ते!"

हे शब्द माझेच होते. गावची भाषा तोंडून निघाली. मी सतरंजीवर चपला घालून गेलो आणि ताटल्या उचलू लागलो. काही मुले रडू लागली. एका मुलीने घास तोंडात घेतला होता. मी तिच्या तोंडापुढे हात धरला. तिने माझ्या तळहातावर तो टाकला.

"ताबा सुटलाय का या आजोबांचा?" कोणी तरी म्हणाले.

सूनबाई धावत आली. "मामाजी! काय झालं जी? टोपी कुठी हाय तुमची?"

मी इंदुताईंस सांगितले. गंजाची कल्हई मी खरवडली. रात्रभर मीच ठेवावयास लावले. सूनबाईस वास आला होता, तिने विचारले, मी तिला गप्प केले. तिचा काही दोष नाही.

इंदुताई म्हणाल्या, "पण तुम्ही चाखला होता ना?"

सर्वजण माझ्याकडे पाहत होते. लिलावाच्या वेळी पाहत असत तसेच.

"मला चव कळत नाही. तापापासून कळत नाही. वासही येत नाही."

इंदुताईंनी एक बरणी उघडली, बोट लावले व रुमालात थुंकल्या. मग विचारले, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"गुरुवारी संशय आला. काल खात्री झाली."

"काल?" त्या हळूच म्हणाल्या. "मग काल का नाही आलात?"

मी खाली वाकून उरलेल्या ताटल्या गोळा करू लागलो.

त्या मुलीस तासभर माझ्यासमोर बसवून घेतले. तिला काही झाले नाही. तिने दोनदा पाणी मागितले, एकदा माझी काठी मागितली. तो तास कसा गेला हे लिहिता येणार नाही.

तीसही बरण्यांतला जॅम खड्ड्यात पुरला.

रविवार, दि. १० फेब्रुवारी

काल सूनबाईबरोबर रिक्षाने परत आलो. घरी येऊन तिने पाणी दिले आणि खाली बसली.

"तापापासून?" तिने विचारले.

"होय."

"म्हंजे ते वरन बी..."

"होय."

"अन् इतके दिवस तुम्ही चव नाही तरी माह्या हातचं जेवत राहिले? 'वा' म्हनत राहिले?"

तिने देवळीतल्या देवांकडे पाहिले. मग म्हणाली, "मी नुसता जीव मांगतला होता जी. बाकीचं सांगाचं राहूनच गेलं."

याचा मला अर्थ लागला नाही. दुःखात माणूस असंबद्ध बोलतो. हातची जागा गेली, त्याचे तिला दुःख असणारच.

आज चंद्रभान सुटीवर आला. दोघे अंगणात बोलत होते. मी मुद्दाम ऐकले नाही, परंतु खिडकी उघडी होती. तो म्हणाला, "आता तं मामला खतम झाला ना? चाल मंग क्वार्टरवर." ती म्हणाली, "मामाजीले टाकून कशी येऊ? आता तं अजूनच नाही."

म्हणजे मी आता अजूनच अवघड झालो. हेच भय मला पहिल्या दिवसापासून होते, आणि ते खरे ठरले. चंद्रभान आत आला तेव्हा मी म्हणालो की मला काटोलास पाठवा, धर्मशाळेत राहीन. तो म्हणाला, "बाबा, चहा घ्या." एवढेच.

मंगळवार, दि. १२ फेब्रुवारी

इंदुताईंची चिठ्ठी आली. मंडळ या महिन्यात साखर देऊ शकत नाही. तथापि स्वतःच्या साखरेची एक बरणी करून दाखविल्यास त्या समितीपुढे ठेवतील. पसंतीची खात्री देता येत नाही. बरणीवर चव कोणी पाहिली त्याचे नाव लिहावे, अशी अट आहे.

चिठ्ठी सूनबाईने मोठ्याने वाचली. शेवटचे वाक्य तिने हळू वाचले.

रेशनची साखर सव्वा किलो आहे. ती म्हणाली, "उद्या करू जी." मी म्हणालो, यापुढे मी शेगडीजवळ येणार नाही. ती म्हणाली, "मंग कागद कोन वाचन?"

भैयाजीस चव पाहण्यास बोलाविले आहे. बाजारात एव्हाना सर्वांस कळले असेल. आज दारात कोणी आले की मी आत जाऊन बसतो.

बुधवार, दि. १३ फेब्रुवारी

सहा संत्री. स्टीलचे पातेले. लाकडी पळी.

सकाळपासून मी भीत होतो. कशास, ते सांगता येत नाही, कारण लपवावयाचे काही उरले नव्हते. तरी पळी फिरविण्याचे काम मी घेतले. मी कागद वाचीत होतो, बाकीचे ती करीत होती. रस जड होऊ लागला. बुडबुडे मोठे होऊन हळू फुटू लागले. बशीवर थेंब थांबला, पण नीटसा नाही. भैयाजी यावयाचा होता, आला नव्हता.

"मामाजी," सूनबाई म्हणाली, "झालं का जी?"

सवयीने माझे डोळे मिटले. सवयीने मान हलावयास निघाली. 'उत्तम' हा शब्द ओठांपर्यंत आला, हे मी येथे कबूल करतो.

"मले नाही समजून राहिलं, सूनबाई," मी म्हणालो. "तूच सांग. वास कसा येऊन राहिला?"

ती पातेल्यावर वाकली. वाफेने तिचा चेहरा ओला झाला. तिने एकदा श्वास घेतला, थांबली, पुन्हा घेतला.

"पहिले साखरेचा येते जी. गरम, जड. मंग मागून सालीचा. सालीले नख लागलं का उडते ना, तसा. पन कच्चा नाही. अन् खाली... थांबा... खाली कडू हाय थोडसा."

"कडू किती?"

"थोडसाच."

"बियांचा का सालीचा?"

तिने पुन्हा श्वास घेतला. मी पळी फिरवीत राहिलो.

"बियांचा," ती म्हणाली.

"मग फडकं काढ," मी म्हणालो. तिने काढले.